आमवात : वनौषधी, पथ्य आणि विवेक
(संस्थेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत दवाखाना समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरकमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी रोगाची कथा सांगावयास उभे राहणे हे काहीसे विजोड दिसेल. परंतु संस्थेच्या धर्मार्थ दवाखान्याचे काम आम्हांकडे सोपविलेले आहे, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला महोत्सव असो की नसो, त्याची बोटे सकाळी उघडत नाहीत ती नाहीतच. शिवाय महोत्सव निधीतून सांधेदुखीच्या रुग्णांना तयार चूर्ण व काढा विनामूल्य वाटावा, अशी सूचना विश्वस्तांपुढे आलेली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि त्या सूचनेवर मत देण्यापूर्वी हा रोग म्हणजे काय, आपल्या शास्त्राने त्याविषयी काय सांगितले, वनौषधींनी काय साधते आणि काय साधत नाही, हे सर्वांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. आम्हांत वैद्यही आहेत आणि डॉक्टरही आहेत. पुढील विवेचन दोघांनी मिळून तयार केले आहे, आणि त्यात एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करण्याचा प्रयत्न केलेला नाही.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे सांधा दुखला की त्याला संधिवात म्हणतात. पण ह्या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळे रोग नांदत असतात. वयोमानाप्रमाणे गुडघ्याची कूर्चा झिजते, चालताना दुखते, बसले की बरे वाटते, हा संधिगतवात. पायाच्या अंगठ्याचा सांधा रातोरात लाल होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा बहुधा युरिक आम्लाचा विकार, आणि वातरक्ताच्या वर्णनाशी तो पुष्कळ जुळतो. तिसरा तो आमवात. डॉक्टर ज्याला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याचे वर्णन आयुर्वेदात शोधू गेल्यास सर्वांत जवळचे म्हणून आमवातच सापडतो. तिघांची कारणे निराळी, औषधे निराळी, आणि परिणामही निराळे. म्हणून एकच चूर्ण तिघांना देणे म्हणजे एकाच किल्लीने तीन कुलुपे उघडू पाहण्यासारखे आहे.

आज आपण बोलणार आहोत ते तिसऱ्याविषयी. हा रोग शरीराच्या स्वतःच्या संरक्षक शक्तीने शरीरावरच उलटल्यामुळे होतो. बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात जे सैन्य असते, ते काही कारणाने सांध्याच्या आतील नाजूक अस्तरालाच परके समजून त्यावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते, आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. आनुवंशिक प्रवृत्तीचा ह्यात वाटा आहे, धूम्रपानाने धोका वाढतो हे निश्चित झाले आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुपटी-तिपटीने आढळतो, आणि तोही पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने जी गावपाहणी झाली, तीत प्रौढांपैकी साधारण दोनशे माणसांत एकाला हा रोग आढळला. दोनशेंत एक हे प्रमाण लहान वाटते. पण आपल्या ह्या सभागृहात तेवढी माणसे बसलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

ओळखण्याच्या खुणा घरच्या माणसालाही कळण्यासारख्या आहेत. सकाळी उठल्यावर हाताची बोटे आखडलेली असतात आणि ती मोकळी होण्यास तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. बोटांची मुळे, मनगटे, पायांचे पंजे असे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. थकवा, बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे हीही लक्षणे असतात. बाईला कणीक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही, कुलुपात किल्ली फिरविता येत नाही. अशी लक्षणे सहा आठवडे टिकली तर रक्ताची तपासणी करून घेण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. त्या तपासणीत ऱ्हुमेटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी ही रोगाची चिन्हे पाहतात, आणि ईएसआर व सीआरपी ह्यांवरून सूज किती भडकली आहे ते कळते. मात्र पहिली दोन चिन्हे काही रुग्णांत सापडत नाहीत, म्हणून हात लावून सांधा तपासणाऱ्या जाणत्या माणसाची जागा कागद घेऊ शकत नाही.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. आमवाताला स्वतंत्र अध्यायाचा मान प्रथम माधवकराच्या निदानग्रंथात मिळाला. त्याचे विवेचन आजही वाचण्यासारखे आहे. जठराग्नी मंद झालेला, विरुद्ध आहार करणारा, अंगमेहनत न करणारा, किंवा स्निग्ध भोजन करून लगेच व्यायाम करणारा, अशा माणसाच्या पोटात अन्नरस पुरता पचत नाही. त्या अर्धवट पचलेल्या, चिकट, जड रसाला आम म्हणतात. वायू तो आम उचलून कफाच्या स्थानी, म्हणजे मुख्यतः सांध्यांत नेऊन टाकतो. मग अंग मोडून येणे, अरुची, तहान, आळस, जडपणा, ज्वर, अपचन आणि सूज ही लक्षणे उद्भवतात. रोग बळावला की हात, पाय, घोटे, गुडघे येथे विंचू डसावा तशा वेदना होतात. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळात हा रोग केवळ सांध्याचा नसून सर्व शरीराचा आहे, एवढे ओळखणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आमवाताचे हे वर्णन आजच्या व्याख्येशी शब्दशः जुळते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घसा बिघडून लहान मुलांना येणारा जो सांध्यांचा ताप, तोही ह्या वर्णनात बसू शकतो. दोन शास्त्रांच्या संज्ञा म्हणजे दोन भाषांतील शब्द आहेत. अर्थ जवळचा असतो, एकच असतो असे नाही.

परंतु आपल्या शास्त्रातील एक शब्द ह्या रोगाला तंतोतंत लागू पडतो, आणि तो म्हणजे 'याप्य'. रोगाचे साध्य व असाध्य एवढेच दोन प्रकार आपल्या आचार्यांनी मानले नाहीत. मध्ये एक तिसरा प्रकार सांगितला : जो समूळ जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर ताब्यात राहतो, आणि उपचार सोडताच पुन्हा डोके वर काढतो, तो याप्य. सुश्रुताने त्यासाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेक्याचा दृष्टांत दिला आहे. टेका आहे तोवर घर उभे असते. बंधुभगिनींनो, आमवाताच्या रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना एवढा एक शब्द जरी कळला, तरी निम्मे काम झाले. कारण आम्ही पाहतो ते असे, की लोक 'कायमचा बरा करतो' म्हणणाऱ्याच्या शोधात वर्षे घालवितात, आणि टेका देणाऱ्याकडे पाठ फिरवितात.

उपचारांचा क्रमही जुन्या ग्रंथांत स्पष्ट आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्ताने लंघन, स्वेदन, कडू-तिखट व अग्नी वाढविणारी द्रव्ये, विरेचन, मग स्नेहपान आणि बस्ती असा क्रम लावून दिला. ह्यातील पहिली पायरी औषधाची नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लंघन म्हणजे निर्जळी उपास नव्हे. हलके, ताजे, गरम, भुकेपेक्षा चार घास कमी असे जेवण. जव, कुळीथ, वरी, पडवळ, कारले, वांगे, लसूण, सुंठ आणि गरम पाणी हे पथ्य सांगितले आहे. दही, मासे, गूळ, दूध, मायाळू आणि उडदाचे पदार्थ ही कुपथ्ये मानली आहेत. दुधाबरोबर मासे हे विरुद्ध आहाराचे जुने उदाहरण आहेच.

पथ्याबाबत आमचे म्हणणे असे. दही खाल्ल्याने हा रोग होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. तेलकट माशांतील स्निग्धांशाने सूज थोडी कमी होते असे उलट दिसून आले आहे. म्हणून पथ्याच्या नावाखाली रुग्णाला उपाशी मारू नये. ह्या रोगात रक्त कमी होते, स्नायू झडतात. डाळी, मूग, मानवत असल्यास ताक किंवा अंडे ह्यांची त्याला गरज असते. पण वेळेवर, हलके व ताजे खाणे, वजन आटोक्यात ठेवणे, विडी-सिगारेट सोडणे आणि नियमाने सांधे हलविणे, ह्या गोष्टींबद्दल वैद्य आणि डॉक्टर ह्यांच्यात मतभेद राहिलेला नाही.

दुसरी पायरी स्वेदनाची. येथे आपल्या घरांतून एक गैरसमज फार पसरला आहे. सांधा सुजला की तेल कोमट करून चोळावयाचे, हा आपला रिवाज. परंतु आमवाताच्या सूज-तापाच्या अवस्थेत तेल चोळू नये, रूक्ष शेक द्यावा, असे शास्त्र सांगते. वाळू भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधावयाची आणि तिने शेकावयाचे, ह्याला वालुकास्वेद म्हणतात. त्याला पैसा लागत नाही. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून ऊब पाहावी. म्हाताऱ्या व मधुमेही माणसांची कातडी बधिर असते, तेथे विशेष जपावे. आणि सांधा लाल, कढत असेल तर शेकण्याआधी विचारावे. भरात असलेला सांधा जोराने चोळणे हे तर दोन्ही शास्त्रांच्या दृष्टीने अयोग्यच.

आता वनौषधींकडे येऊ. सर्व सांगत बसलो तर रात्र पुरणार नाही; चार-सहा मुख्य तेवढ्या सांगतो.

एरंड. आमवातावर एरंडतेलाची महती ग्रंथकारांनी फार गायिली आहे. आपण राहतो त्या गुजरातेत तर एरंडीचे पीक उदंड. येथील शेजारी त्याच्या तेलाला दिवेल म्हणतात. सुंठीच्या काढ्याबरोबर ते देण्याची चाल आहे. ह्या तेलातील आम्ल आतड्यांना चालना देते, म्हणून विरेचन होते. ते वैद्याने सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या प्रमाणात घ्यावे. रोज घेतल्यास शरीरातील पाणी व क्षार कमी होतात. आणि गरोदर स्त्रीने तर घेऊच नये.

सुंठ. आमाचे पाचन करणारी म्हणून तिची योजना आहे. प्रयोगशाळेत तिच्यातील तिखट द्रव्ये सूज निर्माण करणाऱ्या रसांना आवर घालतात असे दिसते. स्वयंपाकाच्या प्रमाणात ती निर्धोक आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र मोठ्या मात्रेत घेण्यापूर्वी विचारावे.

गुग्गुळ. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या भूमीतील एका काटेरी झुडपाला चिरा पाडून हा डिंक काढतात. योगराज, सिंहनाद इत्यादी कल्पांचा तोच आधार. सिंहनाद गुग्गुळात त्रिफळा, गंधक व एरंडतेल असते. ओरबाडून डिंक काढल्यामुळे हे झुडूप आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसले आहे. त्यामुळे बाजारात भेसळही भरपूर होते.

शल्लकी, म्हणजे सालईचा डिंक. ह्यातील आम्ले सूज वाढविणाऱ्या एका विशिष्ट पाचकरसाला अडवितात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. झिजेच्या गुडघेदुखीवर त्याचा उपयोग दाखविणारे प्रयोग झालेले आहेत. आमवातावरील पुरावा त्यामानाने तोकडा आहे.

रास्ना. रास्नासप्तक काढा पुष्कळांच्या परिचयाचा आहे. पण रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती ह्यावर प्रांताप्रांतांत मतभेद आहे. उत्तरेकडे एक झुडूप वापरतात, केरळात कोळिंजनाचे मूळ वापरतात, बंगाल्यात झाडावर वाढणारे आमर वापरतात. एकाच नावाच्या तीन पुड्यांत तीन निराळ्या वनस्पती निघू शकतात. तेव्हा वाणसामानाच्या दुकानातून नुसती 'रास्ना द्या' म्हणून आणण्यात अर्थ नाही.

गुळवेल, जिला आपले गुजराती शेजारी गळो म्हणतात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, अशी पारंपरिक समजूत आहे. २०२० च्या महामारीत प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी घरोघर तिचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २०२२ साली देशातील तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांपैकी अनेकांत यकृताची सूज स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने ह्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल होती, ह्याची खातरजमा झाली नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. वाद काहीही असो. ज्या रोगात प्रतिकारशक्तीच उलटलेली आहे, त्यात प्रतिकारशक्ती 'वाढविणारे' औषध आपल्या मनाने घेणे शहाणपणाचे नाही, एवढा बोध आम्ही घेतो.

अश्वगंधा व हळद ह्यांचीही हीच गोष्ट. हळद जेवणात हवीच. पण तिचे सत्त्व रक्तात फार थोडे शोषले जाते, आणि ते वाढावे म्हणून केलेल्या जोरदार गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेने थायरॉइडचा रस वाढू शकतो, आणि ती सर्वांस मानवत नाही. बिब्बा तर कातडी जाळणारा; शुद्ध करूनच व जाणत्या वैद्याच्या हातूनच तो घ्यावा.

मग ह्या औषधांनी गुण येतो की नाही ? ह्या प्रश्नाला ऐकीव गोष्टींनी उत्तर देऊ नये, मोजमापाने द्यावे. पुण्यातील संधिरोगतज्ज्ञांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद ह्यांच्या मिश्रणाची परीक्षा १८२ रुग्णांवर सोळा आठवडे केली व २००० साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना दिसावयास तसेच पण पोकळ औषध. कोणाला कोणते ते रुग्णालाही ठाऊक नाही व तपासणाऱ्यालाही नाही. खऱ्या औषधाच्या बाजूने सूज कमी झाली. पण पोकळ औषध घेणाऱ्यांतही पुष्कळांना बरे वाटले. हा रोग मुळातच चढउताराचा आहे. भर ओसरण्याच्या वेळी जे औषध हाती असेल त्याला श्रेय मिळते, हे त्या परीक्षेने उत्तम दाखविले.

दुसरी परीक्षा कोइमतूर येथील वैद्य व अमेरिकेतील तज्ज्ञ ह्यांनी मिळून केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. ४३ रुग्णांचे तीन गट : एकाला प्रकृतीप्रमाणे ठरविलेले आयुर्वेदिक औषध, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट हे डॉक्टरी औषध, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांत गुण साधारण सारखाच आला. ही आशादायक गोष्ट खरी. पण ४३ रुग्ण म्हणजे प्राथमिक चाचपणी. तीवरून मोठे औषध सोडून द्यावे असा निष्कर्ष खुद्द त्या संशोधकांनीही काढला नाही. आणि तेथे एकच चूर्ण सर्वांना वाटले नव्हते. प्रत्येक रुग्णाची नाडी, प्रकृती, अग्नी पाहून औषध ठरत होते. विश्वस्तांपुढील सूचनेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

डॉक्टरी उपचारांबद्दल लोकांत जी भीती आहे, तिच्याकडेही मोकळ्या मनाने पाहू. १९४८ साली अमेरिकेत कॉर्टिझोनचा प्रथम उपयोग झाला तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली, आणि १९५० साली त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले की हे औषध दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. ती जुनी भीती लोक आज सर्व गोळ्यांना चिकटवितात. मेथोट्रेक्सेट हे स्टेरॉइड नव्हे. ते हाड कुरतडण्याची क्रियाच मंद करते. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. सोबत फॉलिक ॲसिड असते. ठरावीक मुदतीने रक्त व यकृत तपासावे लागते, मद्य वर्ज्य, आणि मूल होऊ द्यावयाचे असल्यास डॉक्टरांना फार आधी सांगावे लागते, कारण गर्भाला ते घातक आहे. इतके नियम आहेत हे खरे. पण नियमांत राहिल्यास हजारो माणसे ह्या औषधावर कामधंदा करीत आहेत.

आणि येथे काळाचा प्रश्न आहे. हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांतच झपाट्याने होते. वाकडे झालेले बोट मागाहून कोणत्याही काढ्याने, कोणत्याही गोळीने सरळ होत नाही. दुखणे कमी होणे आणि झीज थांबणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या औषधाने दुखणे थांबले पण झीज चालू राहिली, त्याने रुग्णाला अंधारात ठेवले असे म्हणावे लागेल.

आमच्या दवाखान्यात आलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. पापड-लोणची करून त्या घर चालवीत. परगावच्या कोणा औषध देणाऱ्याकडून कागदी पुड्यांतले बिननावाचे चूर्ण त्या आणीत. तीन दिवसांत जादूसारखे बरे वाटले. वर्षभराने त्या आमच्याकडे आल्या त्या चंद्रासारखा गोल चेहरा, वाढलेली साखर आणि दंडावर जागोजागी काळेनिळे डाग घेऊन. ही सारी स्टेरॉइडची चिन्हे होती. अशी पुडी एकदम बंदही करता येत नाही, कारण शरीराने स्वतःचा रस करणे सोडलेले असते. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरविली, नेमके औषध सुरू केले. वैद्यांनी आहार, शेक व पोटाची व्यवस्था पाहिली. आज त्या पुन्हा लाटणे हाती धरतात. पण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झालीच.

आणखी एक सावधगिरी धातूंविषयी. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ह्यांत नावाचा फरक थोडा, पण द्रव्यांचा फार मोठा. दुसऱ्यात नाग म्हणजे शिसे, वंग, आणि पाऱ्याचा रससिंदूर असतो. आमवातारि रसातही पारा असतो. विषतिंदुक वटीत कुचला असतो. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. मारण-शोधनाची विद्या आपल्या शास्त्रात आहे. पण ती बाटलीत उतरली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून परवाना क्रमांक, घटकांची नावे, बनविल्याची तारीख ज्यावर छापलेली नाही, ते औषध घरात आणू नये. आणि सांधेदुखी हमखास बरी करण्याची जाहिरात दिसली, तर १९५४ सालच्या जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध केलेल्या रोगांच्या यादीत ह्या विकाराचे नाव आहे, हे आठवावे.

सर्व विवेचनाचे सार घरच्या माणसांसाठी थोडक्यात सांगतो. निदान आधी, औषध मागाहून. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नयेत. वैद्याकडे जाताना डॉक्टरांचा कागद न्यावा आणि डॉक्टरांकडे जाताना वैद्यांचा. दोघांपैकी कोणापासूनही काही लपवू नये. गोळ्या आणि काढा दोन्ही चालू असतील तर यकृताची तपासणी चुकवू नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ताप आला, तोंडात फोड आले किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि घरातल्या बाईचे दुखणे 'कामाचा कंटाळा' म्हणून उडवून लावू नये. सकाळी तासभर न मिटणारी मूठ हा आळस नव्हे.

आता मूळ सूचनेकडे येतो. तयार चूर्ण व काढा सरसकट वाटण्याच्या योजनेस आम्ही अनुकूल नाही. ते आयुर्वेदाला धरून नाही, कारण आयुर्वेद रोग्याची प्रकृती पाहिल्यावाचून औषध देत नाही. आणि ते आधुनिक वैद्यकालाही धरून नाही, कारण त्यात तीन रोगांना एक समजले जाते. त्याऐवजी आमची विनंती अशी आहे की महोत्सव निधीतील ती रक्कम तीन कामांना द्यावी. पहिले, आठवड्यातून एक दिवस वैद्य व डॉक्टर एकाच खोलीत बसतील आणि रुग्णाचा एकच कागद दोघे लिहितील, अशी सांधेविकारांची बैठक. दुसरे, गरजू रुग्णांच्या रक्ततपासण्यांचा खर्च, कारण औषध परवडते पण तपासणी परवडत नाही म्हणून माणसे मध्येच उपचार सोडतात. तिसरे, लवकर ओळख : आपल्या महिला मंडळांतून, भजनी मंडळांतून ह्या रोगाच्या खुणा सांगणारी दोन-चार माणसे तयार करणे. विनामूल्य औषध वाटण्याच्या फोटोइतका ह्या कामांचा फोटो चांगला येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुढल्या महोत्सवाला ह्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या हातांतली काही बोटे सरळ राहिलेली असतील.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी परप्रांतात पोटासाठी येऊन स्थिरावलेल्या आपल्या लोकांकरिता ही संस्था काढली, त्यांनी आधी शाळा, मग वसतिगृह आणि मग दवाखाना असा क्रम लावला. अडलेल्या माणसाला वेळेवर टेका मिळावा, एवढाच त्यामागे विचार होता. आपल्या आचार्यांनी याप्य रोगाबद्दल तेच सांगितले आहे. टेका नीट लावावा, आणि तो काढू नये. विश्वस्त मंडळींनी आमच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करावा अशी आमची प्रार्थना आहे.